अर्धा मार्क

आठवी ‘ब’, साल १९७४. डिक्टेशनच्या वहीत मी ‘विंडो’चं स्पेलिंग डब्ल्यूऐवजी व्हीनं सुरू केलं होतं. इंग्रजीच्या सरांनी लाल पेन्सिलीनं त्यावर काट मारली, अर्धा मार्क कापला आणि वही सगळ्या वर्गाला दाखवत म्हणाले, “गाढवा, तुला हजार वर्षं उशीर झाला रे!”

पोरं हसली. मीही हसलो, कळलं काहीच नव्हतं. मग सरांनी फळ्यावर एक डोळा काढला. इंग्लंडात येऊन लुटालूट करणारे आणि पुढे तिथेच ठाण मांडून बसलेले उत्तरेचे व्हायकिंग लोक खिडकीला ‘विंडाउगा’ म्हणत, आणि आज ते नाव व्हीनंच लिहितात. विंड म्हणजे वारा, आउगा म्हणजे डोळा. भिंतीला असलेला वाऱ्याचा डोळा! तोवर इंग्रजांचा स्वतःचा जो शब्द होता त्याचा अर्थही ‘डोळ्याचं भोक’ असाच होता म्हणे. तो मागे पडला आणि पाहुण्यांचा टिकला.

एवढ्यावर थांबतील तर ते सर कसले! शेजारच्या वर्गात संस्कृतच्या बाई शिकवत होत्या. दारातूनच त्यांना विचारलं, “बाई, गवाक्षाचा विग्रह काय हो?” बाई वैतागून म्हणाल्या, “गो अधिक अक्ष. बैलाचा डोळा. तास चालू आहे माझा.” सर परत आले ते लॉटरी लागल्यासारखे. “बघा! त्यांचा वाऱ्याचा, आपला बैलाचा. डोळा दोघांनाही सुचला!”

आमच्यासारख्या पेठेतल्या वाड्यांत वाढलेल्या पोरांना इंग्रजी म्हणजे कॅम्पातल्या लोकांची भाषा. पाचवीत एबीसीडी सुरू, घरात बोलणारं कोणी नाही. त्या दिवसापासून मात्र शब्दाचं पोट फोडून बघायची खोड लागली ती लागलीच. पेपरात ‘पोलिसांच्या हाती धागेदोरे लागले’ असं वाचलं की मला ‘क्लू’ आठवतो. तो मुळात सुताचा गुंडाच. ग्रीक कथेतला थीसिअस भूलभुलैयातून दोरा धरून बाहेर आला, त्यावरून इंग्रजीत गुंड्याचा सुगावा झाला. आपल्याकडे थीसिअस नव्हता, तरी पोलिसांना दोराच सापडतो.

शाम्पूचं मला सगळ्यात नवल वाटलं. मूळ शब्द हिंदीतला चाँपो, म्हणजे दाब, चेप. केसांशी त्याचा सुरुवातीला संबंधच नव्हता. पाटण्याच्या दीन महोमेद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रायटनला वाफेची स्नानगृहं काढून गोऱ्या साहेबांची अंगं रगडली, पुढे राजा चौथ्या जॉर्जचीही. केस धुण्याचा अर्थ नंतर चिकटला. मी घरी जाऊन जाहीर केलं, “मी आजोबांना रोज रात्री शाम्पू करतो.” आजोबा म्हणाले, “बोलू नकोस, डावा पाय राहिलाय.”

मुंगूस तर आपलंच. त्याचं ‘माँगूस’ झालं तरी अनेकवचन ‘माँगीज’ होत नाही, कारण त्यातला ‘गूस’ हंसाचा नव्हेच. सर हे सांगताना मराठी माणसानं काहीतरी जिंकल्यासारखे दिसायचे. उलट बॅडमिंटनवर त्यांचा राग. इथल्या गोऱ्या अधिकाऱ्यांत रुजलेल्या या खेळाला आधी ‘पूना’च म्हणत. तो तिकडे गेला आणि नाव लागलं ग्लॉस्टरशरमधल्या ड्यूक ऑफ बोफर्टच्या वाड्याचं. “खेळ आपल्या गावचा, पाटी त्यांच्या वाड्याची,” असं म्हणून ते शाळेच्या हॉलमधल्या नेटकडे बघत सुस्कारा सोडायचे.

सगळं खरं होतं असं मात्र नाही. ‘पॉश’ हा शब्द हिंदुस्थानला येणाऱ्या आगबोटीच्या तिकिटावरून आला, ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’, म्हणजे येताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची सावलीची केबिन, त्याची आद्याक्षरं, असं सरांनी रंगवून सांगितलं होतं. वीसेक वर्षांनी अप्पा बळवंत चौकात जुना जाडजूड कोश मिळाला. त्यावरून पुढे शोधत गेलो, तर तसा शिक्का असलेलं एकही तिकीट कुणाला सापडलेलं नाही. गोष्ट बहुधा मागाहून रचलेली. मी सरांना कार्ड टाकलं. उलटटपाली उत्तर आलं, एकच ओळ: “माझा अर्धा मार्क काप.”

‘स्कूल’ हा शब्द ग्रीकांच्या ‘फुरसत’ या अर्थाच्या शब्दावरून आला, हे त्यांनी आम्हाला सहामाहीच्या आदल्या दिवशी सांगितलं. तेव्हा ते कुणालाच पटलं नाही.

एक शब्द सरांनी शेवटच्या तासाला राखून ठेवला होता. ‘प्यूपिल’ म्हणजे विद्यार्थी आणि प्यूपिल म्हणजे डोळ्यातली बाहुली, हे दोन्ही एकाच लॅटिन मुळातून आलेले. ‘प्यूपिला’ म्हणजे छोटी मुलगी, बाहुली. समोरच्याच्या डोळ्यात आपलंच इवलंसं रूप दिसतं, त्यावरून. “आपणही बाहुलीच म्हणतो की नाही? शेजाऱ्याच्या डोळ्यात बघा.” बावन्न मुलं एकमेकांच्या तोंडाशी तोंड नेऊन बसलेली! हेडसर नेमके तेव्हाच दारात उभे.

गेल्या वर्षी सरांना मोतीबिंदूच्या तपासणीला नेलं होतं. नर्सनं थेंब घातले आणि म्हणाली, “आजोबा, बाहुली मोठी होईपर्यंत बसून राहा.” सरांनी मान माझ्याकडे वळवली. “ऐकलंस? बघ रे, दिसते का बाहुली.”

मी वाकून पाहिलं. “दिसतेय सर. टक्कल पडलंय तिला.”