सँडीगेटचा उतार: शेफिल्डच्या हॅलम क्लबला एक शनिवार

शेफिल्डच्या हॅलम या छोट्या, जुन्या फुटबॉल क्लबचा सामना बघायला बाबांना घेऊन निघालो होतो, पण पहिल्या खेपेला आम्ही नुसतेच जाऊन परत आलो. मँचेस्टरहून सकाळची गाडी पकडली, डबा घेतला, बाबांना दोन स्वेटर चढवले आणि शेफिल्डच्या क्रॉसपूल भागात बसमधून उतरल्यावर कळलं की मैदानात पाणी साचलंय, सामना पुढे ढकललाय. म्हणून आधी हेच सांगतो: अशा छोट्या क्लबचा सामना बघायला जायचं तर त्या दिवशी सकाळी क्लबची पोस्ट बघूनच घराबाहेर पडा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तर नक्कीच.

तीन आठवड्यांनी पुन्हा गेलो. मँचेस्टर पिकॅडिलीहून शेफिल्ड तासाभराच्या आत येतं. होप व्हॅलीतून जाणारी, ठिकठिकाणी थांबणारी गाडी घेतलीत तर वेळ जास्त लागतो, पण डोंगर बघायला मिळतात. शेफिल्डमधून लॉज मूरची ५१ नंबरची बस घ्यायची, क्रॉसपूलला उतरायचं आणि सँडीगेट रोडने चढ चढायचा. गुडघे दुखत असतील तर टॅक्सी करा. शेफिल्डमध्ये सपाट रस्ता शोधावा लागतो.

फाटकावरच्या म्हाताऱ्याने बाबांना "ये रे, लव्ह" अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं. बाबा दचकले. या गावात बाप्येही एकमेकांना 'लव्ह' म्हणतात, मनावर घेऊ नका.

आत गेल्यावर बाबा मैदानाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "अरे, हे मैदान आहे की घसरगुंडी?" सँडीगेट या हॅलमच्या मैदानाचा उतार फोटोत कळत नाही. एका कोपऱ्यातून दुसऱ्याकडे जमीन सरळ सरळ खाली जाते. वरच्या बाजूला हलकेच ढकललेला चेंडू खालच्या बाजूला आपणहून बाहेर गेला, तेव्हा पाहुण्या संघाचा बचावपटू त्याच्यामागे धावत नुसता बघत राहिला. यजमानांनी मात्र पाय आधीच आखडता घेतला होता. उभं राहायला खालच्या टोकाची जागा घ्या, गंमत तिथेच आहे.

हॅलम क्लब १८६० चा. सँडीगेट हे फुटबॉल अजूनही खेळलं जातं असं जगातलं सगळ्यात जुनं मैदान, गिनेसनेही ते मानलंय. इथल्या क्रिकेट क्लबची पाळंमुळं त्याहून जुनी, १८०४ ची. फुटबॉलच्या शेजारीच क्रिकेटचं मैदान आहे. २६ डिसेंबर १८६० ला इथे हॅलम विरुद्ध शेफिल्ड एफसी असा सामना झाला, तो दोन वेगळ्या क्लबांमधला पहिला सामना मानतात. शेफिल्ड २-० ने जिंकलं. शेफिल्ड एफसी १८५७ चा, म्हणजे वयाने तोच थोरला. तो मात्र २००१ पासून डर्बीशरमधल्या ड्रॉनफिल्डला खेळतो. दोन्ही जुने क्लब एकाच गल्लीत असतील अशा समजुतीने निघू नका.

आता ज्या गोष्टीसाठी मी बाबांना मुद्दाम घेऊन गेलो होतो ती. २९ डिसेंबर १८६२ ला हेच दोन क्लब शेफिल्डच्याच ब्रॅमल लेन मैदानावर पुन्हा भेटले. सामना मदतनिधीसाठी होता. अमेरिकेत यादवी पेटलेली, तिकडचा कापूस बंद, लँकशरच्या गिरण्या थंड पडल्या आणि कामगार उपाशी, त्यांच्यासाठी वर्गणी. तीन तास खेळून ०-० आणि मध्येच मारामारी! शेफिल्डच्या मेजर क्रेसविकचा धक्का हॅलमच्या वॉटरफॉलला लागला, तर वॉटरफॉलने जाकीट काढून फेकलं आणि हात उगारला. नंतर वर्तमानपत्रांत दोन्ही बाजूंची पत्रापत्री. परोपकारासाठी खेळताना भांडायचं, हे आपल्याकडच्या मंडळांना अपरिचित नाही.

बाबा लालबागचे, आजोबा गिरणीत साचेवाले. मी सांगितलं, "बाबा, लँकशरला कापूस मिळेना म्हणून मुंबईचा भाव चढला, आणि वऱ्हाड-खानदेशातला कापूस बोटीत बसला." त्या पैशावर मुंबईत शेअरचं वेड लागलं, बॅकबेत भराव घालायच्या कंपन्या निघाल्या आणि १८६५ ला अमेरिकेतलं युद्ध संपताच सगळं कोसळलं. बाबा एवढंच म्हणाले, "म्हणजे इथे हे उपाशी होते तेव्हा तिकडे शेठ लोक मजेत." आणि पुन्हा खेळ बघू लागले.

१८६७ ची यूडन चषक स्पर्धा हॅलमने जिंकली. जगातल्या पहिल्या फुटबॉल स्पर्धांपैकी ही एक. अंतिम सामन्यात नॉरफोकविरुद्ध गोल एकही नाही. निकाल 'रूज'वर लागला. गोलच्या खांबापलीकडे दोन्ही अंगांना आणखी एकेक निशाण असायचं, त्यामधून चेंडू बाहेर गेला आणि तुम्ही तो आधी टेकवलात की रूज. गोल बरोबरीत राहिले तरच ते मोजायचे. हॅलमला दोन, नॉरफोकला शून्य. पुढे चषकच हरवला. १९९७ मध्ये स्कॉटलंडच्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडून क्लबने तो २,००० पौंडांना परत विकत घेतला.

मध्यंतराआधी पाच मिनिटं 'पाय'च्या (pie, सारण भरून भाजलेला खाऊ) रांगेत उभे राहा, नंतर खिडकीशी गर्दी होते. आम्ही चीज-कांद्याचा पाय आणि मटार घेतले. त्यावर हेंडरसन्स रेलिश नावाचा सॉस ओतायचा. शेफिल्डचे लोक याला 'हेंडोज' म्हणतात. बाबांनी चाटून बघितलं, बाटलीवरचं बारीक लिखाण वाचलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "चिंच आहे रे यात!" खरंच आहे. चिंच, लवंग, लसूण. आमटीला अगदी परका नाही.

बिअरचा ग्लास हातात घेऊन इथे रेलिंगला टेकून बसता येतं. इंग्लिश फुटबॉलच्या वरच्या पाच दर्जांच्या सामन्यांत मैदान दिसेल अशा जागी दारू चालत नाही. तिकीट मोठ्या क्लबांच्या मानाने किरकोळ, पण नोटा जवळ ठेवा. हवेत गारठा असतो, गाव उंचावर आहे: कानटोपी, हातमोजे आणि जाड मोजे आणा. सामने शनिवारी दुपारी तीनला, आठवड्यात असले तर संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास.

परतीच्या बसला उशीर होता. वाट बघत बसण्यापेक्षा ब्रूमहिलपर्यंत चालत या, सगळा उतारच आहे. बाबांनी शहरातून हेंडोजच्या दोन बाटल्या घेतल्या, एक मावशीसाठी. विमानाने नेणार असाल तर चेक-इनच्या बॅगेत घाला, आणि झाकणाला सेलोटेप लावून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळा.