पुण्यात बसून तिसऱ्यांचं विष शोधताना

आम्ही मूळचे मालवणचे. त्यामुळे लॅबमध्ये "शिंपल्यांची टेस्ट कोण शिकतंय?" असं सरांनी विचारलं तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडेच पाहिलं. तिसऱ्या, म्हणजे खायच्या छोट्या शिंपल्या, आमच्या घरात नेहमीच्या, पण त्यात विष शोधायचं म्हणजे काय करायचं, ते मलाही ठाऊक नव्हतं.

मला वाटलं होतं, मायक्रोस्कोपखाली शेवाळ बघायचं. तसं काही नाही. अलेक्झांड्रियमसारखी एकपेशीय शेवाळं समुद्रात वाढतात, शिंपल्या पाणी गाळताना ती पोटात घेतात आणि त्यांच्यातलं सॅक्सिटॉक्सिन हे विष मांसात साठत जातं. वास नाही, चव नाही. खाणाऱ्याच्या ओठांना मुंग्या येतात, मग हातपाय लुळे पडतात, जास्त झालं तर श्वासच थांबतो. १९८३ मध्ये मंगळूरजवळ हे घडलंय, म्हणजे आपल्याच किनाऱ्यावर.

सरावासाठी गणेश पेठेतून तिसऱ्या आणल्या. उघडायला मिळाली सुरी. दोनदा बोट कापल्यावर तिसऱ्या दिवशी मी घरची विळीच घेऊन गेले. सर आधी हसले, नंतर "ती विळी इथेच राहू दे" म्हणाले.

१०० ग्रॅम मांस मिक्सरला लावायचं, त्यात तेवढंच ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिड घालायचं आणि ५ मिनिटं मंद उकळायचं. पीएच ४ च्या वर जाऊ द्यायचा नाही, कारण हे विष ॲसिडमध्ये टिकतं, अल्कलीत मोडतं. बीकरमधला तो राखाडी रस्सा ढवळताना मला आई आठवली. "कोकम घातलं की तिसऱ्या बाधत नाहीत" हे तिचं ठाम मत. इथे मी चक्क ॲसिडमध्ये उकळत होते आणि तरीही विष जसंच्या तसं हाती लागेल या भरवशावर पुढची सगळी टेस्ट उभी होती. कोकमाची काय कथा!

सॅक्सिटॉक्सिन रासायनिक शस्त्रबंदी कराराच्या पहिल्या यादीत आहे, रायसिन या दुसऱ्या विषाच्या जोडीला. त्यामुळे तुलनेसाठी लागणाऱ्या शुद्ध विषाचा, म्हणजे स्टँडर्डचा, प्रश्न निघाला की कागदपत्रांचाही निघतो. मी शिकले ते एलायझा किटवर, म्हणजे छोट्या खणांतल्या रंगावरून विष ओळखायच्या तयार टेस्टवर.

आणि तिथेच आपटले. या किटमध्ये विष जितकं जास्त, तितका रंग फिका. मी सवयीने गडद पिवळ्या खणांपुढे लाल फुली मारली आणि ज्यात सरांनी मुद्दाम विष मिसळलं होतं, तो फिका खण 'ठीक' म्हणून लिहून मोकळी झाले. सर ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "हा लॉट बाजारात गेला असता." दुपारी डबा उघडावासा वाटला नाही.

पुढचे दोन आठवडे रोज तेच. विषाची मर्यादा मांसाच्या किलोमागे ८०० मायक्रोग्रॅम, हे आता झोपेतही सांगेन. गणेश पेठेतल्या तिसऱ्यांमध्ये काही सापडलं नाही. आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "मग उरलेल्या घरी का नाही आणल्यास?"