ग्वाल्हेर घाईत बघू नका: आमची वाटचाल

आमच्या व्यवसायाची सुरुवात स्टेशनवरून किल्ल्यावर आणि किल्ल्यावरून परत स्टेशनवर गाडी देण्यापासून झाली. आग्र्याहून ओरछ्याला निघालेल्या मंडळींना मधल्या तीन तासांत ग्वाल्हेर दाखवायचं, एवढीच तेव्हा मागणी असायची. असं बुकिंग आता आम्ही घेत नाही. तीन तासांत किल्ल्यावरच्या मानमंदिर महालाचं अंगण आणि शिंद्यांच्या राजवाड्यातली झुंबरं, एवढंच पदरात पडतं. हे गाव त्याहून फार मोठं आहे, आणि पुण्या-मुंबईहून येणाऱ्या मराठी माणसाला तर दीड दिवससुद्धा कमी पडतो. म्हणून गाड्या वाढवण्याआधी आम्ही वेळापत्रक बसवलं, आणि पुढचं काम त्या वेळापत्रकामुळेच मिळत गेलं.

आधी पत्त्याचं बोलू. किल्ल्याच्या पायथ्याचं जुनं ग्वाल्हेर वेगळं, दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून १८१० च्या सुमारास वसलेलं लश्कर वेगळं आणि पूर्वेकडचं मुरार वेगळं. महाराज बाडा हा मुख्य चौक, सराफा आणि मराठी वस्ती लश्करात. हॉटेल घेताना यातला कुठला भाग आहे ते विचारून घ्या. रिक्षावाल्याला नुसतं 'किल्ला' सांगितलंत तर तो ग्वालियर गेटला, म्हणजे पूर्वेच्या पायथ्याशी सोडू शकतो. तिथून वर गाडी जात नाही, सगळा चढ पायी. गाडीचा रस्ता दुसऱ्या म्हणजे पश्चिमेच्या बाजूने, उरवाई गेटवरून आहे. 'उरवाई गेट' असंच सांगायचं. हा रस्ता अरुंद आहे, मोठी बस वर नेता येत नाही. बस करून आलेल्या गटांना पायथ्याशी छोट्या गाड्या देणं हे आज आमचं मोठं काम आहे. गटाने ही सोय आधी केली नसेल तर सकाळचा सगळ्यात चांगला तास पायथ्याशी रिक्षा शोधण्यात जातो.

किल्ला बघण्याची आमची पद्धत एकच: पश्चिमेने गाडीने चढायचं, पूर्वेने पायी उतरायचं आणि गाडी खाली ग्वालियर गेटला बोलवायची. सकाळी सातच्या सुमारास उरवाईच्या घाटात थांबा. कड्यात कोरलेल्या जैन तीर्थंकरांच्या मूर्ती इथे रस्त्याच्या अगदी लगत आहेत. बहुतेक काम तोमर राजांच्या काळातलं, पंधराव्या शतकातलं. बाबराच्या हुकमाने पुढे त्यांची तोडफोड झाली, त्याच्या खुणा दिसतात. वर पोचल्यावर आधी तेली का मंदिर घ्या. सुमारे तीस मीटर उंचीचं हे देऊळ किल्ल्यावरचं सगळ्यात उंच. शेजारीच दाता बंदी छोड गुरुद्वारा आहे. तिथे डोकं झाकायला रुमाल लागतो आणि चपला बाहेर काढाव्या लागतात. एप्रिलपासून दहाच्या पुढे फरशी इतकी तापते की पाय टेकवत नाही, म्हणून पिशवीत जाड मोजे ठेवा. मग सास-बहू मंदिरं. मोठ्या देवळातला लेख १०९३ सालचा, कच्छपघात राजा महीपालाच्या वेळचा. आतलं छत मान वर करून निवांत बघण्यासारखं आहे, तिथे आम्ही गटाला घाई करत नाही.

नऊच्या सुमारास मानमंदिर. मानसिंह तोमर १४८६ ते १५१६ पर्यंत गादीवर होता, हा महाल त्याचाच. तळघराचे दोन मजले आहेत, जिना अंधारा आणि अरुंद, वटवाघळांचा वास असतो. गुडघे दुखत असतील त्यांनी वरच थांबावं, बाकीच्यांनी टॉर्च न्यावा. मोबाइलचा दिवा चालतो, पण मग कठड्याला धरायला एकच हात उरतो. मोगल काळात या किल्ल्याचा तुरुंग झाला. औरंगजेबाचा भाऊ मुराद इथेच कैदेत होता आणि १६६१ मध्ये इथेच मारला गेला.

गाडीने येणारी बहुतेक मंडळी इथून परत फिरतात आणि महालाची पूर्वेची भिंत त्यांना दिसतच नाही. हाथी पोल या दरवाज्यातून बाहेर पडून पन्नासेक पावलं उतारावर गेलं आणि वळून वर पाहिलं, की निळ्या, पिवळ्या, हिरव्या टाइल्सच्या ओळी दिसतात: बदकं, हत्ती, मगरी, केळीची झाडं. भिंत पूर्वेकडे तोंड करून असल्यामुळे सकाळचं ऊन थेट तिच्यावर पडतं. दुपारनंतर ती सावलीत जाते आणि रंग मंद दिसतात. वेळापत्रकातला नऊचा आकडा या भिंतीसाठी आहे.

तोच उतार पुढे चतुर्भुज मंदिरापाशी येतो. एकाच खडकातून कोरलेलं छोटंसं देऊळ आहे. गाभाऱ्यातल्या भिंतीवर ८७६ सालचा लेख आहे, त्यात २७० हात लांबीची बाग आणि रोजच्या ५० माळा यांचे आकडे कोरलेत आणि शून्य एका लहानशा गोलाने दाखवलं आहे. गाडीने वर जाऊन गाडीनेच खाली येणाऱ्याला हे देऊळ वाटेत लागतच नाही. आमच्या मते ग्वाल्हेरला येऊन हे चुकवणं हा मोठा तोटा आहे. उतार फरसबंदीचा आहे, पायऱ्या नाहीत, पण झिजलेल्या दगडावरून गुळगुळीत तळाची चप्पल घसरते. रबरी तळाचे बूट घाला. पावसाळ्यात आम्ही ज्येष्ठांना गाडीनेच उतरवतो.

खाली गुजरी महालातलं संग्रहालय साडेदहापर्यंत गाठता येतं. ग्यारसपूरची शालभंजिका, म्हणजे स्त्रीची प्रसिद्ध दगडी मूर्ती, इथे आहे. ती कुलूपबंद असते, म्हणून आत शिरतानाच कर्मचाऱ्यांना ती दाखवायची विनंती करा. सोमवारी संग्रहालय बंद असतं, त्यामुळे किल्ल्यासाठी सोमवार आम्ही शक्यतो देत नाही.

दुपार उन्हापासून वाचवायची. जयविलास महाल, म्हणजे शिंद्यांचा राजवाडा, त्यासाठीच ठेवतो. १८७४ मध्ये जयाजीराव शिंद्यांनी बांधला, मायकल फिलोज वास्तुकार. साडेतीन-साडेतीन टनांची झुंबरं आणि जेवणाच्या टेबलावरून फिरणारी चांदीची आगगाडी सगळ्यांना बघायची असते. दालनं बरीच आहेत, दोन तास धरा. राणी लक्ष्मीबाईंची समाधी फूलबागेत, स्टेशनपासून जवळ. अर्धा तास पुरतो, पण आमच्याकडे येणारं एकही मराठी कुटुंब ती वगळत नाही. जून महिन्याच्या मध्यात बलिदान मेळ्यामुळे तिथे गर्दी असते.

गाण्याची आवड असलेल्यांसाठी संध्याकाळ हजिरा भागात. सूफी संत महंमद घौस यांच्या मकबऱ्याच्या दगडी जाळ्या उतरत्या उन्हात बघाव्यात, आणि शेजारी तानसेनाची साधीशी समाधी. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात नेलेली गायकी इथलीच, त्यामुळे डिसेंबरातल्या तानसेन समारोहाला महाराष्ट्रातून बरेच रसिक येतात. त्या दिवसांत आणि पाठोपाठच्या व्यापार मेळ्यात हॉटेलं लवकर भरतात, निदान महिनाभर आधी ठरवा.

महाराज बाड्यावर गाडी नेऊ नका, लावायला जागा मिळत नाही. अलीकडे उतरून पायीच हिंडा. सकाळची बेडई (डाळ भरलेली पुरी) आणि जिलबी जरूर खा, पण भाजीचा झोल तिखट असतो, लहान मुलांना वेगळं काही घ्या. घरगुती वरण-भात हवा असेल तर आम्ही लश्करातल्या एका मराठी घरून डबे मागवतो, फक्त आदल्या रात्री सांगावं लागतं. गजक, म्हणजे तीळ-गुळाची कुरकुरीत मिठाई, थंडीतच घ्यावी. दमट हवेत ती मऊ पडते, मुंबईला पोचल्यावर डबा घट्ट बंद ठेवा.

दुसऱ्या दिवशीची सकाळ मितावली, पडावली आणि बटेश्वर इथल्या जुन्या देवळांना. मुरैना जिल्ह्यात, साधारण चाळीस किलोमीटरवर. बटेश्वरची ढासळलेली देवळं पुरातत्त्व खात्याने २००५ पासून दगडावर दगड जुळवून पुन्हा उभी केली. मितावलीचं गोल चौसष्ट योगिनी मंदिर टेकडीवर आहे, चढ उन्हाआधी उरका. वाटेत जेवणाची धड सोय नाही, पाणी आणि डबा गाडीतच ठेवतो.

परतीचं शेवटी. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे उत्तरेकडून येणाऱ्या रेल्वेगाड्या काही तास उशिरा धावतात, आणि पंजाब मेल, झेलम, गोवा एक्सप्रेस या महाराष्ट्राकडे जाणाऱ्या गाड्या तिकडूनच येतात. त्या दिवशी पुढचं विमान किंवा दुसरी रेल्वे जोडून घेऊ नका, आणि हॉटेलची खोली संध्याकाळपर्यंत हातात ठेवा. बुकिंगच्या वेळी आम्ही रेल्वेगाडीचा नंबर, येण्याचा वार, सोबतच्या ज्येष्ठांची संख्या आणि गुडघ्यांचा त्रास, इतकं विचारतो. त्यावरून किल्ला कुठून चढायचा आणि कुठून उतरायचा ते ठरतं.