नवा हेडफोन, पहिले शंभर तास: निवडीपासून रुळण्यापर्यंतची नोंद

ही नोंद बजेटातल्या, तारेच्या, डायनॅमिक ड्रायव्हरच्या (आवाज काढणारा भाग, ज्यात चुंबकाजवळची तारेची गुंडाळी पडदा हलवते), कानाभोवती बसणाऱ्या हेडफोनची आहे. काम एकच: शांत बसून गाणी ऐकणं. ब्लूटूथवाले यात घेतलेले नाहीत, कारण त्यांच्या आवाजाचा बराचसा भाग आतली चिपच ठरवते. 'बर्न-इन', म्हणजे नवा हेडफोन बरेच तास वाजवला की ड्रायव्हर रुळून आवाज सुधारतो ही समजूत, तिच्याबद्दलचं मत आधीच सांगून टाकलेलं बरं. पहिल्या शंभर तासांत बदलतं बरंच काही, पण ज्याच्या नावाने हे तास मोजले जातात तो डायफ्रॅम (ड्रायव्हरमधला थरथरणारा पातळ पडदा) त्या यादीत सगळ्यात शेवटी येतो. नोंदीही त्याच क्रमाने आहेत.

खरेदीआधी

ओपन-बॅक (कपाची पाठ जाळीची, हवा जाणारी) की क्लोज्ड-बॅक (पाठ बंद) हे खोलीवर ठरतं. शेजारी कुणी झोपलेलं असेल किंवा बाहेरून आवाज येत असेल तर क्लोज्ड. नाहीतर त्याच पैशात ओपन-बॅक बहुधा जास्त मोकळा वाजतो, कारण बंद कपात मागे गेलेला आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि तो आवरण्याचं काम स्वस्तात होत नाही. ओपनची किंमत मोजावी लागते ती खोल बेसमध्ये. साधारण ५० हर्ट्झच्या खाली बहुतेक ओपन डायनॅमिक हेडफोनचा आवाज उतरत जातो. तबल्याचा बायाँ ठीक ऐकू येईल, इलेक्ट्रॉनिक संगीतातला तळाचा घुमारा कमी पडेल.

दुसरी गोष्ट ओहमची, म्हणजे इम्पीडन्सची (हेडफोन विजेला करतो तो विरोध), आणि इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. 'कमी ओहम म्हणजे फोनवर जोरात' हा हिशोब अर्धाच आहे. सोबत सेन्सिटिव्हिटी (ठराविक विजेवर हेडफोन किती जोरात वाजतो) पाहावी लागते, आणि ती एका मिलिवॅटला दिली आहे की एका व्होल्टला हेही. मिलिवॅटवरून व्होल्टवर यायचं तर १००० ला इम्पीडन्सने भागायचं, त्याचा लॉग घेऊन १० ने गुणायचं आणि आलेला आकडा सेन्सिटिव्हिटीत मिळवायचा. तीन जुनीजाणती उदाहरणं:

बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रो, २५० ओहम, ९६ डेसिबल प्रति मिलिवॅट: एका व्होल्टला १०२.
एकेजी के२४० स्टुडिओ, ५५ ओहम, ९१ डेसिबल प्रति मिलिवॅट: एका व्होल्टला सुमारे १०४.
कॉस पोर्टा प्रो, ६० ओहम, १०१ डेसिबल प्रति मिलिवॅट: एका व्होल्टला सुमारे ११३. (हा कानावर टेकणारा आहे, इथे फक्त हिशोबापुरता.)

५५ आणि ६० ओहम कागदावर जुळे भाऊ, पण आवाजात ९ डेसिबलचं अंतर. उलट २५० आणि ५५ ओहमवाले जवळजवळ एका पातळीवर. सरासरी ८० डेसिबलला ऐकणाऱ्यालाही शास्त्रीय किंवा ऑर्केस्ट्राच्या रेकॉर्डिंगमधल्या उसळींसाठी वर ३० डेसिबलची जागा लागू शकते. त्यामुळे ११० पर्यंत पोचता येईल असा हिशोब धरावा. साधा डॉंगल (फोनला हेडफोन जोडायचा छोटा अडॅप्टर) जेमतेम एक व्होल्ट देतो. के२४०ला त्यावर ६ डेसिबल कमी पडतात. दोन व्होल्ट देणारा डॉंगल घेतला की ती तूट भरून निघते, कारण व्होल्टेज दुप्पट म्हणजे ६ डेसिबल. वेगळ्या मोठ्या अँपची गरज बजेटातल्या फार थोड्या हेडफोनना असते.

स्रोताचा, म्हणजे अँप किंवा डॉंगलचा, आउटपुट इम्पीडन्स हेडफोनच्या इम्पीडन्सच्या एक-अष्टमांशापेक्षा कमी असावा, म्हणजे ३२ ओहमसाठी ४ ओहमच्या आत. डायनॅमिक ड्रायव्हरचा इम्पीडन्स खालच्या अनुनादापाशी (ज्या फ्रीक्वेन्सीला पडदा आपसूक जास्त थरथरतो तिथे) वर चढतो. स्रोताचा इम्पीडन्स जास्त असेल तर नेमका तिथेच आवाज फुगतो, आणि 'या अँपवर बेस उबदार लागतो' असं म्हटलं जातं.

कुठल्या फ्रीक्वेन्सीला किती जोर मिळतो ते दाखवणारे ग्राफ जरूर पाहावेत, पण दोन वेगवेगळ्या उपकरणांवर घेतलेले ग्राफ एकावर एक ठेवू नयेत. हरमन या ऑडिओ कंपनीत संशोधक शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी श्रोत्यांच्या पसंतीवरून बांधलेली टार्गेट रेषा (ग्राफ कसा असावा याचा नमुना) सुरुवातीला धरायला चांगली. ३ किलोहर्ट्झजवळचा उंचवटा पाहून दचकू नये. कानाची नळी आणि पाळी मिळून तो भाग वाढवतातच, म्हणून हेडफोनलाही तो द्यावा लागतो.

शेवटी, तार कपातून सुटी होणारी असावी आणि गाद्या बदलता येणाऱ्या. बजेटातल्या हेडफोनचा ड्रायव्हर क्वचित मरतो. मरते ती तार, आणि सोलते ती गादी.

तास ०: डबा उघडल्याबरोबर

परतीची मुदत संपण्याआधी सगळे दोष शोधायचे असतात. 'अजून रुळला नाही' म्हणत थांबल्याने ती मुदत निघून जाते. बर्न-इनच्या गोष्टीचं सगळ्यात मोठं नुकसान हेच. अर्ध्या तासाचं काम आहे.

आधी जॅक पूर्ण आत गेला आहे ना पाहा. ३.५ मि.मी.चा जॅक अर्धवट राहिला की ग्राउंड तुटतो आणि दोन्ही कानांना डाव्या-उजव्याचा फक्त फरक ऐकू येतो. खूण पक्की: गायक गायब, मागे पोकळ घुमणारं वाद्यवृंद. फोनचं जाड कव्हर हे याचं नेहमीचं कारण.

मग मोनोमधला बोलण्याचा आवाज. तो डोक्याच्या बरोबर मध्ये, टोकदार ऐकू यायला हवा. पसरट, कुठूनच येत नसल्यासारखा वाटला तर एका ड्रायव्हरची पोलॅरिटी (धन-ऋण जोडणी) उलटी आहे.

आवाज एका बाजूला झुकत असेल तर हेडफोन उलटा घाला. झुकाव दुसऱ्या कानाकडे गेला तर दोष हेडफोनचा किंवा स्रोताचा. स्रोतात डावा-उजवा अदलाबदल करून ते वेगळं करता येतं. त्याच कानाकडे राहिला तर गादी नीट बसत नाही, किंवा कानात मळ आहे. (हे हसण्यावारी नेऊ नका.) फिरत्या नॉबचा अँप असेल तर ही चाचणी नॉब अगदी तळाशी ठेवून करू नये, स्वस्त नॉब तिथे दोन्ही बाजू सारख्या देत नाहीत.

नंतर २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झचा, मिनिटभराचा साइन स्वीप (खालून वर चढत जाणारा एकच सूर), हळू आवाजात. ३० ते १०० हर्ट्झमध्ये फरफर ऐकू आली तर बहुतेक वेळा डायफ्रॅमला केस टेकलेला असतो, क्वचित सुटलेला डिंक असतो. गादी काढून जाळीवर केस दिसला तर चिमट्याने उचला. जाळीच्या आत असेल तर उघडायच्या फंदात न पडता परत करा. कप दाबल्यावर येणारा कागदी 'कट' आवाज मात्र दोष नसतो. हवेच्या दाबाने पातळ पडदा क्षणभर वाकतो.

वहीत तीन आकडे लिहा: गादीची जाडी मि.मी.मध्ये, नेहमीच्या ऐकण्याला लागणारी व्हॉल्यूमची पायरी, आणि डोक्यावर न घालता दोन गाद्यांमधलं अंतर. हे तीन आकडे नसतील तर पुढच्या सगळ्या नोंदी आठवणीच्या भरवशावर राहतात.

तास १ ते १०: पकड

नवे बूट चावतात तसा नवा हेडबँड दाबतो. जबडा आणि कानामागचं हाड दुखायला लागलं की आवाजही कर्कश वाटायला लागतो, आणि दोष ट्रेबलला (उंच, बारीक आवाजांना) दिला जातो.

हेडबँड सैल करायला पुस्तकांची चळत पुरते. कानाच्या रेषेत डोक्याची रुंदी मोजा, त्यापेक्षा २ सें.मी. जास्त रुंद चळत करा, त्यावर हेडफोन रात्रभर ठेवा. सकाळी दोन गाद्यांमधलं अंतर पुन्हा मोजा. फरक थोडा असेल तर आणखी एक रात्र, रुंदी तीच. एकदम पाच सें.मी. ताणलं तर प्लॅस्टिकच्या जोडाला तडा जातो. आत स्टीलची पट्टी असेल तर दोन्ही बाजू पूर्ण बाहेर ओढून पट्टीच अंगठ्यांनी थोडी थोडी, तीन-चार ठिकाणी वाकवावी, जोडाजवळ नाही. हेअर ड्रायरने गरम करण्याची युक्ती फिरत असते. ती करू नये, गाद्यांचा गोंद आधी सुटतो.

सैल किती करायचं याला मोजमाप आहे. ४० हर्ट्झचा सूर लावा आणि दोन्ही कप तळव्यांनी हलके दाबा. क्लोज्ड हेडफोनमध्ये दाबल्यावर सूर स्पष्ट वाढला तर गादी हवा सोडते आहे, म्हणजे पकड आता आणखी सैल करायची नाही. चष्मा असेल तर ही चाचणी चष्म्यासकट करा. जाड काडी गादीखाली फट पाडते आणि बेस तिथून निसटतो. 'बेसच नाही' या तक्रारीचं उत्तर फार वेळा चष्म्याची काडीच असतं.

तास १० ते ४०: गादी आणि कान

मेमरी फोम उबेने मऊ होतो. थंड खोलीत पहिली दहा मिनिटं गादी ताठ असते आणि नीट बंद होत नाही, म्हणून तेवढा वेळ जाईपर्यंत आवाजावर मत देऊ नये. रोजच्या वापराने फोम हळूहळू दबतो, रेक्झिन गालाच्या आकारावर बसतं, ड्रायव्हर कानाच्या जवळ येतो. यातून बेस आणि ट्रेबल खरोखर बदलतात, मोजताही येतात.

आता डायफ्रॅम. स्पीकरमध्ये शंकूला धरून ठेवणारा कापडी स्पायडर आणि रबरी कडा असते. ती सुरुवातीच्या वापरात सैल होते आणि अनुनाद थोडा खाली येतो. हेडफोनचा डायफ्रॅम बहुधा एकाच पातळ प्लॅस्टिक फिल्मचा असतो, त्याची कडाही त्याच फिल्मवर ठसे पाडून केलेली. त्याला स्पायडर नाही, आणि हालचाल अगदी थोडी. सैल व्हायला तिथे फारसं काही नसतंच.

तरीही मनाच्या समाधानासाठी पिंक नॉइज (सगळ्या फ्रीक्वेन्सी एकत्र असलेला, धबधब्यासारखा आवाज) चालवायचा असेल तर नेहमीच्या ऐकण्याच्या पातळीवर चालवा. पूर्ण आवाजात रात्रभर सोडलं तर व्हॉइस कॉइल (पडदा हलवणारी तारेची गुंडाळी) तापते, आणि जे साधायचं होतं त्याच्या उलट होतं. शिवाय टेबलावर पडलेल्या हेडफोनची गादी दबत नाही, म्हणजे ज्या भागाला रुळायची गरज होती तोच तसा राहतो. सरळ डोक्यावर घालून गाणी ऐकली तर हेडबँड, गादी आणि कान तिन्ही एकदम रुळतात. मर्यादा तेवढी सांभाळा: जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तासांचा आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८९ वर गेलात की आठवड्याचे फक्त ५ तास.

या टप्प्यात एक सापळा असतो. दुसऱ्या आठवड्यात ट्रेबल 'मऊ झाला' असं वाटतं. तेव्हा दोन दिवस जुना हेडफोन वापरा आणि मग नवा घाला. ट्रेबल पुन्हा टोचला तर रुळले होते ते कान.

तास ४०: पडताळणी

खरंच काही बदललं का हे तपासायची शिस्तशीर पद्धत: त्याच मॉडेलचा न वापरलेला जोड उसना मिळवा आणि दोघांच्या गाद्या अदलाबदल करा. 'फरक' गाद्यांसोबत गेला तर उत्तर मिळालं. ऐकणाऱ्याचे डोळे बांधा, हेडफोन दुसऱ्याने घालावा आणि काढावा, हाताने चाचपू द्यायचं नाही, पिंक नॉइजवर पातळी आधी जुळवून घ्यायची. १६ पैकी १२ वेळा बरोबर ओळखलं तर ते नशिबाने घडण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी. आणि ओळखलं तरी लगेच बर्न-इनच्या नावावर टाकू नये. बजेटातल्या दोन नगांमध्ये मुळातच एखाद-दोन डेसिबलचा फरक असू शकतो.

आरईडब्ल्यू (आवाज मोजायचं सॉफ्टवेअर) आणि साध्या मायक्रोफोनवर मोजत असाल तर दर वेळी हेडफोन काढून पाचदा बसवा आणि सरासरी घ्या. एकाच हेडफोनचे ते पाच ग्राफ बेसमध्ये आणि ८ किलोहर्ट्झच्या वर एकमेकांपासून किती लांब जातात ते पाहिलं की 'आधी आणि नंतर'च्या एकेका ग्राफवरून भांडायची हौस फिटते.

इक्वलायझरला हात लावायची वेळ आता; त्याआधी गादी बसलेली नसते आणि केलेली मेहनत पुन्हा करावी लागते. ऑटोइक्यूमधली (हेडफोनच्या तयार इक्वलायझर सेटिंगचा संग्रह) मॉडेलची सेटिंग विंडोजवर इक्वलायझर एपीओ या प्रोग्रॅममध्ये किंवा अँड्रॉइडवर वेव्हलेट या अ‍ॅपमध्ये भरता येतात. हाताने करत असाल तर १०५ हर्ट्झवर लो-शेल्फ (त्याखालचा सगळा भाग वाढवणारा फिल्टर), ४ डेसिबल, क्यू (फिल्टर किती अरुंद ते) ०.७ इथून सुरुवात करा आणि प्रीअँप (एकूण पातळी) उणे ४ ठेवा. प्रीअँप विसरला तर मोठ्या ठोक्याला आवाज फाटतो आणि बोल ड्रायव्हरला लागतो. ८ किलोहर्ट्झच्या वरचे अरुंद फिल्टर सोडून द्या. तिथले डोंगर-दऱ्या प्रत्येक कानाच्या वेगळ्या असतात.

तास १००

तिन्ही आकडे पुन्हा. गादी इतकी दबली असेल की पाळी आतल्या कापडाला टेकते, तर गादीखाली २ ते ३ मि.मी. जाडीची फोमची कडी सरकवा. ड्रायव्हरसमोरचा भाग मोकळा राहील अशी कापा. मखमली गाद्या लावायचा मोह क्लोज्ड हेडफोनला आवरावा, कापडातून हवा जाते आणि खोल बेस पातळ होतो. रेक्झिन पुसायला जेमतेम ओलं कापड पुरे. स्पिरिटने ते लवकर तडकतं. हेडफोन चळतीवर कायमचा ताणून ठेवू नका, नाहीतर कमावलेली पकड पुढे ढिली होत जाते.

पुढची नोंद २५० तासांनी: गादीची जाडी आणि ४० हर्ट्झची दाबचाचणी.