फायकसची पानगळ आणि त्यातून निघताना

मावशीने घर बदललं आणि तिचा फायकस माझ्याकडे आला. फायकस बेंजामिना, म्हणजे आपल्या वड-पिंपळ-उंबराच्याच जातकुळीतला. खाली झुकणाऱ्या नाजूक फांद्या, चकचकीत टोकदार पानं, माझ्या खांद्याला लागेल एवढी उंची. मावशीकडे तो उघड्या गच्चीवर, दिवसभराच्या लख्ख उजेडात वाढला होता. माझ्याकडे त्याला खिडकीलगतची जागा मिळाली. सुरुवातीला काहीच झालं नाही. मग एका सकाळी कुंडीभोवती हिरवी पानं दिसली, दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त, आणि पुढे फांदीला नुसता पडदा घासला तरी पानांचा सडा पडायला लागला.

हे झाड घरात आणणाऱ्यांना हा प्रसंग हमखास भेटतो. पानगळीपेक्षा, ती बघून घाबरून जे उपाय केले जातात त्यांनीच झाड जास्त वेळा हातचं जातं असं माझं ठाम मत झालं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मी पडलेली पानं नीट पाहिली. हे प्रत्येकाने करावं. माझी पानं हिरवीगार होती, डाग नाही, किडीच्या खुणा नाहीत, देठासकट अलगद सुटून आलेली. पानं आधी पिवळी पडून गळत असतील आणि माती कायम ओली असेल, तर संशय जास्त पाण्यावर घ्यायचा. कडा तपकिरी होऊन पानं कुरकुरीत झाली असतील तर पाणी कमी पडतंय किंवा हवा फार कोरडी आहे. हिरवं पान धडधाकट असताना गळतं, तेव्हा बहुधा उजेड किंवा जागा बदललेली असते, नाहीतर थंड वाऱ्याचा झोत लागत असतो.

असं का होतं, ते कळल्यावर माझी निम्मी काळजी गेली. भर उजेडात वाढलेल्या फायकसची पानं जाड, आकाराने लहान आणि मधल्या शिरेपाशी थोडी दुमडलेली असतात. सावलीत येणारी पानं पातळ, मोठी, सपाट आणि गडद असतात, म्हणजे कमी उजेडातला कण न् कण पकडणारी. उन्हातल्या जुन्या पानाचं सावलीतलं पान होत नाही. घरातल्या उजेडात उन्हातली पानं पोसणं झाडाला परवडत नाही, म्हणून देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर सैल होतो आणि पान सुटतं. फ्लोरिडा विद्यापीठातले चार्ल्स कोनोव्हर आणि रिचर्ड पूल यांनी १९७०च्या दशकात घरातल्या शोभेच्या झाडांवर याच विषयात बरंच काम केलं. झाड विकण्याआधी काही काळ सावलीच्या जाळीखाली ठेवून सवय लावली, तर घरात आल्यावर पानगळ पुष्कळ कमी होते. नर्सरीतून झाड घेणार असाल तर ते उन्हात उभं होतं की जाळीखाली, हे जरूर विचारा.

आता जागा. खिडकीपासून जसजसं आत जावं तसा उजेड आपल्या डोळ्यांना वाटतो त्याच्या कितीतरी पट वेगाने कमी होतो. मी दुपारी पानांच्या उंचीवर हात धरून सावली पाहिली. सावलीच्या कडा स्पष्ट दिसत असतील तर उजेड पुरेसा, नुसता धूसर डाग असेल तर झाड अजून खिडकीकडे सरकवायचं. एसीचा झोत, सतत उघडझाप होणारं दार आणि हीटर यांपासून लांब अशी एकच जागा घरात सापडली, आणि तिथे ठेवल्यावर कुंडी पुन्हा हलवायची नाही हे ठरवून टाकलं. रोज नवी जागा दिली तर झाडाला रोज नव्याने हिशेब मांडावा लागतो. तापमान १६ ते २७ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असलं की हे झाड सुखात असतं.

सगळ्यात नाजूक प्रश्न पाण्याचा. झाड पाणी पितं ते मुख्यतः पानांवाटे हवेत सोडण्यासाठी. पानं गेली की तहानही जाते. पण उघड्या फांद्या बघून आपला जीव कळवळतो, आपण रोज तांब्याभर पाणी ओततो, माती चिखल होते आणि आतल्या आत मुळं कुजतात. मी बांबूची एक बारीक काडी कुंडीत खोचून ठेवली. बाहेर काढल्यावर तिला ओली माती चिकटून आली तर पाणी नाही. वरचा दोन-तीन सेंटीमीटरचा थर कोरडा आणि त्याखाली जेमतेम ओल असेल, तेव्हाच पाणी, आणि तेही कुंडीच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरपूर. बशीत साठलेलं पाणी लगेच ओतून द्यायचं. वारानुसार पाणी घालण्याची पद्धत मी या झाडापुरती बंदच केली, कारण ढगाळ आठवड्यात माती दुप्पट दिवस ओली राहते.

मावशी मधेच बघायला आली आणि दारातच थबकली. "अगं, नुसत्या काड्याच राहिल्यात की! कुंडी तरी बदल, नाहीतर खत घाल थोडं." मी तिला म्हटलं, "थांब, तुला दाखवते." एका फांदीची साल नखाने अगदी हलकेच खरवडली. आत ओलसर, पोपटी हिरवा रंग होता आणि क्षणात पांढरा चीक डवरून आला. दुसरी एक बारीक फांदी वाकवली तर कट्कन मोडली, आत तपकिरी आणि कोरडी. म्हणजे एक जिवंत, दुसरी मेलेली. फांद्या अशा तपासत तपासत खोडाकडे आलो, तर बरंचसं झाड जिवंत निघालं. खत मी घातलं नाही आणि कुंडीही बदलली नाही. पानंच नसलेल्या झाडाला खत वापरता येत नाही, आणि मुळं हलवली की त्याच्यापुढे आणखी एक संकट उभं राहतं. मावशीला ते पटलं असं नाही, पण तिने माझ्यावर सोडलं.

बरेच आठवडे काहीच दिसलं नाही. मग फांद्यांच्या टोकाच्या कळ्या, ज्या सुईसारख्या अणकुचीदार असतात, किंचित फुगल्या. जवळून पाहिलं तर कळीभोवती एक पातळ, फिकट वेष्टन असतं. ते सुटून खाली पडतं, पेरावर बारीक वळ उरतो आणि आतून गुंडाळीसारखं पान बाहेर येतं. पहिल्या दिवशी ते इतकं मऊ आणि पोपटी असतं की बोट लावायचीही भीती वाटते. पुढे पसरलं तसं ते जुन्या पानांपेक्षा रुंद आणि सपाट झालं. याच उजेडासाठी बनलेलं पान! ते पाहून मला झालेला आनंद मी लपवणार नाही, शेजाऱ्यांनाही बोलावून दाखवलं. पालवी चांगली धरल्यावर मग पातळ खत सुरू केलं, पाकिटावर सांगितलंय त्याच्या निम्म्याने, आणि फक्त वाढीच्या दिवसांत.

नंतरची एक गोष्ट सांगायलाच हवी. झाडाखालची फरशी चिकट लागायला लागली आणि मुंग्यांची रांग आली. पानं उलटून पाहिली तर मधल्या शिरेलगत तपकिरी, चपटे फुगवटे बसलेले. ही खवले कीड. ती रस शोषते आणि गोड चिकटा सोडते, त्यावर पुढे काजळीसारखी काळी बुरशी धरते. कवचामुळे वरून फवारलेलं औषध तिला सहज लागत नाही. सर्जिकल स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने एकेक पुसून काढली, मग सौम्य साबणाच्या पाण्याने पानं दोन्ही बाजूंनी धुतली. पिल्लं नंतर बाहेर येत राहतात, त्यामुळे दर आठवड्याला हेच पुन्हा करावं लागतं. स्पिरिट किंवा कडुनिंबाचं तेल आधी दोन-चार पानांवर लावून बघावं आणि मगच सगळ्या झाडाला लावावं.

चिकाबद्दलही जपा. तो कातडीला खाज आणू शकतो, आणि रबराच्या लेटेक्सची ॲलर्जी असणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी. पानांवरच्या धुळीतूनही काहींना शिंका येतात, म्हणून मी पानं ओल्या फडक्याने पुसते. घरात मांजर-कुत्रं असेल तर झाड त्यांच्या तोंडापासून लांब ठेवा, पान चावलं तर लाळ गळणं, उलट्या असा त्रास होतो.

मेलेल्या फांद्या पालवी आल्यावरच छाटल्या, कारण तेव्हाच कुठपर्यंत जीव आहे ते नक्की कळतं. हातमोजे घालून, सिकेटर (छाटणीची कात्री) स्पिरिटने पुसून, हिरव्या कळीच्या थोडं वर काप घेतला. वाहणारा चीक गार पाण्याच्या बोळ्याने टिपला की थांबतो. एका जोमदार फांदीवर मावशीसाठी गुटी बांधली आहे, म्हणजे फांदी झाडावरच ठेवून तिला मुळ्या फोडायच्या. अंगठाभर रुंदीची साल गोल काढून, ओलं शेवाळ गुंडाळून, वर प्लास्टिक घट्ट बांधलंय. तिच्या नव्या घरात उजेड कमी आहे, आणि ही फांदी आता कमी उजेडातच पानं धरायला शिकली आहे. मुळ्या प्लास्टिकमधून पांढऱ्या दिसायला लागल्या की खालून कापून छोट्या कुंडीत लावेन. तोवर शेवाळ सुकू द्यायचं नाही, एवढंच काम आहे.