घड्याळाला माझी गोळी माहीत नव्हती

मला हार्ट अटॅक आला त्याला परवा चौदा महिने झाले. अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला, पाचव्या दिवशी घरी आले. नंतर बारा आठवडे मी कार्डिअॅक रिहॅबला, म्हणजे हृदयरुग्णांच्या देखरेखीखालच्या व्यायामाला, जात होते, आठवड्यातून तीनदा, एकूण ३६ वेळा. ट्रेडमिलवर चालताना छातीला इलेक्ट्रोड चिकटवलेले, पडद्यावर ईसीजीची रेघ, आणि ती रेघ बघत शेजारी उभं असलेलं माणूस. त्या माणसाचा आधार किती मोठा होता हे मला ३६वी खेप संपल्यावर कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर एकटी उभी राहिले आणि पाऊल उचलेना. धाप लागली तर ती चालण्याची की हृदयाची, हे सांगणार कोण?

लेकीनं त्याच आठवड्यात माझ्या मनगटावर स्मार्टवॉच बांधलं. म्हणाली, "आई, आता हे लक्ष ठेवेल तुझ्यावर."

लक्ष ठेवलं, पण दुसऱ्याच कुणाचं समजून. मी रोज चाळीस मिनिटं चालायचे आणि घड्याळ व्यायामाच्या रकान्यात शून्य दाखवायचं. मला वाटलं, मीच कमी पडते. वेग वाढवला. आठव्या दिवशी ठोके ११८वर गेले, घड्याळानं थरथरून शाबासकी दिली, आणि मी बाकावर जाऊन बसले, कारण डोळ्यांपुढे अंधारी आली होती. दहा मिनिटं बसून होते. घरी येऊन आधी फिजिओथेरपिस्टला फोन केला. तिनं लगेच डॉक्टरांना दाखवायला लावलं. तपासणीत घाबरण्यासारखं काही निघालं नाही. मग तिनं मला घड्याळासकट बोलावून घेतलं.

मी तीस वर्षं गणित शिकवलं आहे, म्हणून हा हिशेब इथे पूर्ण मांडते. घड्याळानं २२०मधून माझं वय, ५७, वजा करून १६३ हा माझ्या ठोक्यांचा मिनिटाला कमाल वेग धरला होता. बसल्या जागी माझे ठोके ६२. मधलं अंतर १०१, त्याचे चाळीस टक्के ६२मध्ये मिळवले की १०२. म्हणजे १०२च्या पुढे गेले तरच माझं चालणं व्यायामात जमा. पण मी रोज बीटा ब्लॉकर घेते. ती गोळी हृदयाला वेग घेऊच देत नाही, तेच तिचं काम आहे. गोळी घेऊन केलेल्या स्ट्रेस टेस्टमध्ये, म्हणजे दमेपर्यंत व्यायाम करवून घेतलेल्या हृदयाच्या तपासणीत, माझे ठोके जास्तीत जास्त १२४ झाले होते. म्हणजे ११८ला मी माझ्या टोकाशी पोचले होते, आणि घड्याळाच्या लेखी तो मध्यम व्यायाम होता.

"काकू, त्याला तुमचं वय माहीत आहे, तुमची गोळी माहीत नाही," ती म्हणाली. मग आम्ही दोघींनी नवा हिशेब केला. १२४ वजा ६२, अंतर ६२. त्याचे चाळीस ते सत्तर टक्के घेतले तर ८७ ते १०५. हे आकडे तिनं सेटिंगमध्ये जाऊन हातानं भरले. ज्यांच्या घरी अशी गोळी चालू आहे आणि मनगटावर असं घड्याळ आहे, त्यांनी एवढी एक गोष्ट आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावी. ही मर्यादा प्रत्येकाची वेगळी असते, माझी उचलून वापरू नका.

शिवाय तिनं मला आकड्याकडे न बघता चालायलाही शिकवलं. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांची ६ ते २०ची पट्टी असते: ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत, २० म्हणजे आता अजिबात शक्य नाही. मी ११ ते १३च्या मध्ये राहायचं. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. आधी मनाशी आकडा ठरवायचा, मग मनगट बघायचं. दोन्ही जुळले नाहीत तर थांबायचं.

न जुळण्याचे प्रसंग आलेच. एकदा श्वास अगदी शांत आणि घड्याळ म्हणतंय ११४. थांबून दोन बोटांनी नाडी मोजली, पंधरा सेकंदांत २३, म्हणजे ९२. घड्याळाच्या पाठीशी हिरवा दिवा असतो. रक्त हिरवा प्रकाश शोषतं, प्रत्येक ठोक्याला कातडीखाली रक्त वाढतं, परत येणारा प्रकाश तेवढा कमी होतो, आणि त्या चढउतारावरून ठोके मोजले जातात. पट्टा सैल असला की हाताच्या हेलकाव्यांनीही प्रकाश हलतो, आणि घड्याळ ठोक्यांऐवजी पावलं मोजू लागतं. मी मिनिटाला साधारण ११४ पावलंच टाकत होते! तेव्हापासून पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, एक भोक घट्ट. छातीच्या पट्ट्यात ही अडचण कमी, कारण तो हृदयाचे विद्युत संकेत थेट टिपतो. पण तो रोज बांधणं मला जमलं नाही.

ज्यामुळे हे घड्याळ मी सोडणार नाही, ती गोष्ट सातव्या महिन्यातली. रविवारी मी आठवड्याचे आकडे वहीत उतरवते. त्या रविवारी विश्रांतीचे ठोके ६२, ६३वरून चढत चढत ७४वर गेलेले दिसले. ताप नाही, झोप नीट, चहासुद्धा तेवढाच. सोमवारी दवाखान्यात वही दाखवली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "गोळ्या आणल्यात का?" पिशवीतून मेटोप्रोलोलची, म्हणजे माझ्या त्याच बीटा ब्लॉकरची, पट्टी काढून दिली. त्यावर २५ लिहिलेलं. माझा डोस ५० आहे. सुरुवातीला २५ होता, त्या वेळची पट्टी कपाटात उरली होती आणि डबी भरताना तीच हाती लागली. पाच दिवस मी अर्धा डोस घेत होते आणि मला काहीही जाणवलं नव्हतं. ही गोळी अशी अचानक कमी होणं हृदयाला घातक ठरू शकतं, हे तेव्हा कळलं. डोस पूर्ववत झाल्यावर आकडा हळूहळू ६२वर आला. जुनी पट्टी घरात ठेवायची नाही, हा नियम त्याच संध्याकाळी केला.

माझं घड्याळ तीस सेकंदांचा ईसीजीही काढतं. तो एका लीडचा असतो, म्हणजे हृदयाकडे एकाच कोनातून बघतो; दवाखान्यातला बारा लीडचा. हृदयाची लय बिघडली, एट्रिअल फिब्रिलेशन असेल, तर त्यात दिसू शकतं. हार्ट अटॅक ओळखणं त्याचं काम नाही. छातीत दुखलं तर मनगटाकडे बघत बसायचं नाही, मदत बोलवायची. घरातल्या सगळ्यांना मी हे बजावून ठेवलं आहे.

नॉर्मन होल्टर या अमेरिकन शास्त्रज्ञानं चालत्याफिरत्या माणसाचा ईसीजी पहिल्यांदा टिपला, तेव्हा ते यंत्र सुमारे ३८ किलोचं होतं आणि पाठीवर घ्यावं लागे. रात्री घड्याळ चार्जिंगला लावताना मला ते हटकून आठवतं.

चालणं थांबवल्यावर पहिल्या मिनिटात ठोके किती उतरतात, हेही मी लिहिते. जितके जास्त उतरतील तितकं चांगलं. रिहॅब संपलं तेव्हा ११ उतरायचे, आता १९. पुढच्या महिन्यात पुन्हा स्ट्रेस टेस्ट आहे. १२४चा आकडा बदलला तर ८७ आणि १०५ही बदलावे लागतील. हिशेबाला वहीचं शेवटचं पान कोरं ठेवलं आहे.