पंप बदलण्याआधी: पिलबारातून पनवेलच्या पोकलेनवाल्यांसाठी

नवी मुंबईत पोकलेन चालवणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या आणि भाड्याने लावणाऱ्या मंडळींसाठी हे लिहितोय. मी सध्या पश्चिम ऑस्ट्रेलियात, पिलबारा भागातल्या लोहखनिजाच्या खाणीवर हायड्रॉलिक फिटर आहे. काम शिकलो ठाण्यात, वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये, आणि तिथे शिकलेल्यावरच इथे उभा आहे. इथली मशीनं साडेतीनशे टनांच्या घरातली. त्याहून मोठी, सातशे-आठशे टनांची, तर दोन-दोन इंजिनांवर चालतात. पण पंप, वाल्व, जॅक, मोटर हे सगळं तुर्भ्याच्या वीस टनी मशीनमध्ये असतं तेच. तेलाचा दाबही जवळपास तेवढाच, ३०० ते ३५० बार. वेगळी आहे ती बिघाड शोधायची रीत.

आपल्याकडे मशीन मंदावलं की पहिलं वाक्य ठरलेलं: "पंप गेला." इथे आकडा हातात असल्याशिवाय पंपाचं नाव कुणी काढत नाही. त्यामागे कारण आहे. मोठ्या मशीनला एकाच गिअरबॉक्सवर अनेक मुख्य पंप बसवलेले असतात. त्यातला एक खरोखर फुटला तर धातूचा चुरा काही हजार लिटर तेलात पसरतो आणि चांगले पंप, वाल्व, मोटर सगळ्यांना खातो. म्हणून पंपाचा निर्णय फार जपून घेतात, पण एकदा घेतला की अर्धवट काम करत नाहीत.

मागे एका मशीनचा बूम, म्हणजे मुख्य मोठा हात, हळू उठायला लागला. बकेट, आर्म, स्विंग, चेन सगळं ठीक, फक्त बूम मंद. यातच अर्धं उत्तर होतं. तेलाची पातळी, टाकीची सक्शन, मुख्य पंप, पायलट पंप (लिव्हरचा इशारा वाल्वपर्यंत नेणारं कमी दाबाचं तेल देणारा छोटा पंप) हे सगळ्यांचे सामायिक. त्यात खोट असती तर बकेट आणि स्विंगही मंदावले असते. म्हणजे शोधायचं ते बूमच्या स्वतःच्या वाटेवर: लिव्हर, पायलट लाइन, स्पूल (वाल्वमधला सरकून तेलाची वाट उघडणारा दांडा), त्याचा रिलीफ (दाब मर्यादेबाहेर गेला की तेल सोडून देणारा वाल्व), जॅक.

माझ्याबरोबरचा जुना फिटर पान्याला हात लावण्याआधी बकेट जमिनीवर टेकवायला सांगतो. इंजिन बंद केल्यावर चावी परत ऑनवर घेऊन सगळे लिव्हर सगळ्या दिशांना फिरवून घेतो, कारण इंजिन बंद झालं तरी अ‍ॅक्युम्युलेटरमधला (दाब साठवणाऱ्या बाटलीतला) नायट्रोजन पायलट लाइनमध्ये दाब धरून ठेवतो. टाकीचा दाब ब्रीदरवरून, म्हणजे टाकीत हवा ये-जा करायच्या टोपणावरून, सोडतो. मग आयसोलेटरवर, म्हणजे मशीनची वीज तोडणाऱ्या मुख्य स्विचवर, प्रत्येक माणसाचं स्वतःचं कुलूप लागतं आणि किल्ली ज्याच्या त्याच्या खिशात राहते. चार माणसं कामाला असतील तर चार कुलपं, आणि चौथा माणूस कुलूप काढत नाही तोवर मशीन सुरू होऊच शकत नाही. आपल्याकडे ऑपरेटरला "चालू करू नको रे" असं ओरडून सांगतात आणि फिटर बूमखाली शिरतो. याबाबतीत मला काही समजून घ्यायची इच्छा नाही. कुलूप कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं.

तर त्या बूमचं. गेज लावला, कुलपं काढली, आजूबाजूची माणसं हटवली आणि मशीन चालू केलं. लिव्हर पूर्ण ओढल्यावर स्पूलच्या टोकाला पायलटचा दाब ४० बारच्या आसपास हवा. गेजवर २५ च्या वर काटा जाईना. म्हणजे मुख्य स्पूल अर्धाच उघडत होता. पंप बिचारा तेल द्यायला तयार होता, पण दारच किलकिलं. लाइन खोलली तर आतल्या बारीक जाळीत रबराचे तिळाएवढे तुकडे अडकलेले. काही दिवस आधी कुणीतरी नवा होस पाइप बसवताना कापलेलं टोक आतून साफ केलं नव्हतं. जाळी धुतली, होस बदलला, काटा ४० वर आला.

यानंतर थोड्याच दिवसांत पनवेलहून मावसभावाचा फोन आला. त्याचं मोठं पोकलेन डोंगर कापायच्या कामावर आहे. मिस्त्रीने पंप गेल्याचं सांगून लाखोंचा खर्च समोर ठेवला होता.

"सकाळी कसं चालतं?" मी विचारलं.

"सकाळी मस्त रे दादा. अकरा वाजले की जड पडतं. दगड फोडायचा ब्रेकर लावला की त्याच्याही आधी."

"सगळंच जड, की एखादीच हालचाल?"

"सगळंच."

"इंजिन दबतं का?"

"नाही, इंजिनाचा आवाज तसाच."

इंजिन दबत असेल, म्हणजे ओझ्याखाली त्याचा वेग उतरत असेल, तर डिझेल फिल्टर, एअर फिल्टर किंवा पंपाचा रेग्युलेटर (पंपाचं तेल कमी-जास्त करणारा भाग) बघायचा. इंजिन आपल्या वेगात आणि मशीन मंद, तर तेल कुठेतरी आतल्या आत निसटतंय किंवा पंपाकडून मागितलंच जात नाही. थंड असताना चांगलं आणि तापल्यावर मंद म्हटल्यावर संशय तापमानावर. व्हीजी ४६ हे हायड्रॉलिक तेल ४० अंशांना ४६ सेंटिस्टोक (तेलाच्या दाटपणाचं माप) असतं, १०० अंशांना ते सातच्या आसपास उतरतं. इतकं पातळ तेल धड पंपातूनही निसटतं. ८० अंशांच्या वर तेल सतत राहिलं तर सीलही कडक व्हायला लागतात.

मे महिन्यातलं ऊन हे त्याला कारण नव्हे. इथे उन्हाळ्यात ४५ अंश नेहमीचेच, आणि १३ जानेवारी २०२२ रोजी याच पिलबाराच्या किनाऱ्यावर ऑन्स्लो गावात ५०.७ अंश नोंदले गेले. मशीनं इथेही चालतात.

त्याला तीन मोजमापं घ्यायला लावली. तापलेल्या मशीनवर मेन रिलीफचा दाब: ठीक. पंपाच्या केस ड्रेनमधून (पंपात आतल्या आत निसटलेलं तेल टाकीत परत नेणाऱ्या नळीतून) मिनिटाला येणारं तेल: मर्यादेत. पंप खरोखर झिजलेला असता तर इथे तेलाची धार वाढली असती आणि केस ड्रेनच्या फिल्टरमध्ये पितळी चमक दिसली असती. तिसरं, हातातल्या इन्फ्रारेड थर्मामीटरने ऑइल कूलरच्या आत जाणारा आणि बाहेर येणारा पाइप. दोन्हींत जेमतेम दोन अंशांचा फरक. कूलर काही करतच नव्हता.

"पण कूलर रोज हवेने मारतो आम्ही," तो म्हणाला. मी त्याला एसीचा कंडेन्सर खोलून बाजूला करायला सांगितला. व्हिडिओवर दिसलं: कंडेन्सरच्या आणि कूलरच्या मध्ये दगडाची भुकटी आणि तेल मिळून बोटभर जाड थर बसला होता. समोरून हवा मारली की भुकटी आणखी आत दाबली जाते. आतून बाहेर, कमी दाबाने, पत्रे न वाकवता साफ करायला हवं. त्याने तसं केलं आणि दुपारी मशीन सकाळसारखं चाललं. पंप अजून तोच आहे.

तरी मी त्याला तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायला लावला. उलवे-पनवेलच्या काळ्या पाषाणात ब्रेकर सतत चालतो, आणि ब्रेकर तेल तापवतोही, घाणही करतो. म्हणूनच ब्रेकरवर चालणाऱ्या मशीनचं तेल आणि फिल्टर कंपन्या लवकर बदलायला सांगतात. रिपोर्टवर स्वच्छतेचा आकडा (तेलातल्या तीन आकारांच्या कणांची मोजणी) २२/२०/१७ आला. पिस्टन पंपाला १८/१६/१३ च्या आसपास हवा. या मापात प्रत्येक पायरीला कणांची संख्या दुप्पट होते, म्हणजे चार पायऱ्यांनी सोळापट. तेल फेकायची गरज नव्हती. फिल्टरची ट्रॉली भाड्याने आणून टाकीतलं तेल फिरवलं आणि ब्रीदर नवा बसवला, कारण पावसाळ्यात दमट हवा तिथूनच आत शिरते.

मंद मशीनवर रिलीफचा स्क्रू अर्धा फेरा आवळून "प्रेशर वाढवून देतो" म्हणणाऱ्या मिस्त्रीला मात्र जवळ येऊ देऊ नका. दोन दिवस मशीन जोरात वाटतं, आणि चांगला पंप त्यानंतर खरोखर जातो.

आणि होसची बारीक गळती हाताने चाचपू नका. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. ३०० बारने निघणारी धार कातडीत शिरते, जखम सुई टोचल्याएवढीच दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, आणि काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट जातं. तसं झालं तर थेट मोठ्या हॉस्पिटलात जा आणि हाय प्रेशरने तेल आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. साधी टोचणी समजून पट्टी बांधून परत पाठवतात.

मावसभावाने आता ६०० बारचा एक गेज, पायलटसाठी ६० बारचा एक आणि थर्मामीटर विकत घेतलाय. परवा परत फोन होता: डावी चेन मागे राहते, मशीन सरळ जात नाही. सेंटर जॉइंटच्या (फिरणाऱ्या वरच्या भागातून खालच्या चेनपर्यंत तेल नेणाऱ्या सांध्याच्या) खाली डाव्या-उजव्या मोटरचे होस आपापसांत बदलून बघायला सांगितलंय. उजवी चेन मंद झाली तर दोष वरच्या वाल्वमध्ये किंवा जॉइंटमध्ये, डावीच मंद राहिली तर डाव्या मोटरमध्ये. रविवारी काम बंद असतं, तेव्हा करणार आहे.